सॉकेट ते सोल्डर : लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता यायचा, त्या काळाचा इतिहास

पेट झाली, गाइड मिळाले, सिनॉप्सिस लिहायला बसलो आणि "विषय काय घेऊ?" इथंच गाडी अडली, असं सांगणारे मेसेज अधूनमधून येतात. इतिहासवाल्यांचे तर जास्तच. गगनबावडा म्हटलं की आपल्याला पंत अमात्यांची बावडा जहागीर आठवते, गगनगड आठवतो, मोडी कागद आठवतात. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण इतिहास तेवढाच नसतो. आज आपण एक अगदी साधी वस्तू घेऊन प्रश्न कसा तयार होतो ते बघू. वस्तू तुमच्या समोरच आहे : जुना लॅपटॉप.

प्रश्न असा : जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येतो का?

दुकानदाराला विचाराल तर तो आधी उलट विचारेल, "कुठल्या सालचा आहे?" हे लक्षात घ्या. लॅपटॉप २०१२ चा असेल तर बऱ्याचदा उत्तर "येतो" असं असतं. २०१६ चा असेल तर जवळजवळ नेहमीच "नाही". ज्या प्रश्नाचं उत्तर सालावर ठरतं, तो नुसता तांत्रिक प्रश्न राहत नाही, तो इतिहासाचा प्रश्न होतो. या चार वर्षांत काय घडलं? कोणी ठरवलं? आणि ठरवताना तुम्हाला-मला कोणी विचारलं का?

आपल्याला याचं काय?

गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस पडणारा तालुका. कोल्हापूर इथून साधारण ५५ किलोमीटर. पावसाळ्यात पुराचं पाणी रस्त्यावर आलं की तो मार्गही बंद होतो. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्याकडे बहुधा सेकंडहँड लॅपटॉप असतो, म्हणजे शहरातल्या कुठल्यातरी ऑफिसनं वापरून काढून टाकलेला. त्यावर पीडीएफ उघडायच्या, मोडी कागदांचे फोटो मोठे करून वाचायचे, ऑनलाइन सेमिनारला बसायचं. मशीन हळू झालं की दोनच वाटा उरतात : आहे त्यात सुधारणा करायची किंवा नवीन घ्यायचं. फेलोशिप नसलेल्याला दुसरी वाट परवडत नाही. म्हणून पहिली वाट कधी उघडी होती आणि कधी बंद झाली, हे कळणं आपल्या खिशाशी जोडलेलं आहे.

कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट पटकन समजावी. ऑइल इंजिनाचं काम निघालं की उद्यमनगरात नेऊन लायनर-पिस्टन बदलायचा, इंजिन परत शेतावर आणायचं. इंजिन म्हातारं झालं म्हणून कोणी ते फेकून देत नाही. यंत्र म्हणजे सुटे होणारे भाग, ही समज आपल्याकडे पिढ्यांपासून आहे. लॅपटॉपच्या बाबतीत ती समज कुठं तुटली, हा आपला विषय.

आधी दोन शब्द

प्रोसेसर मदरबोर्डवर दोन तऱ्हेनं बसतो. एक, सॉकेटमध्ये : चिपच्या पोटाला बारीक पिना असतात, त्या बोर्डवरच्या भोकांत जातात आणि एक स्क्रू अर्धा फिरवला की चिप पकडली जाते. उलटा फिरवला की सुटते. तांत्रिक भाषेत हे पीजीए. दुसरी तऱ्हा सोल्डरची : चिपच्या पोटाला कथिलाचे बारीक गोळे असतात, ते वितळवून चिप बोर्डला कायमची चिकटवतात. याला बीजीए म्हणतात. बीजीए चिप काढायला खास गरम हवेचं मशीन आणि सराव असलेला हात लागतो. घरी ते काम होत नाही.

कालखंड पाडून बघू

इतिहासात कालखंड पाडणं म्हणजे तारखा लिहिणं नव्हे, बदलाचे सांधे शोधणं. इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरचे मला चार टप्पे दिसतात.

पहिला टप्पा १९९० च्या दशकाचा. सुरुवातीच्या पेंटियम लॅपटॉपमध्ये चिप बहुतेक वेळा सोल्डरच केलेली असायची. म्हणजे "पूर्वी सगळं बदलता यायचं, आता काहीच येत नाही" ही सरळ रेषा इथंच मोडते. १९९७ च्या सुमारास इंटेलनं मोबाइल मॉड्यूल आणलं : प्रोसेसर आणि त्याच्या सोबतच्या काही चिप एका छोट्या कार्डावर, आणि कार्ड बोर्डवर खोचायचं.

दुसरा टप्पा साधारण २००० ते २००९. छोट्या पिनांचे सॉकेट लॅपटॉपमध्ये रुळले. २००३ मध्ये सेंट्रिनो आणि पेंटियम एम आले. जानेवारी २००६ मध्ये कोअर ड्युओ आला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये कोअर २ ड्युओ. दोघांचं सॉकेट एकच, सॉकेट एम. आता गंमत बघा : कोअर ड्युओ ३२ बिटचा, कोअर २ ड्युओ ६४ बिटचा. सॉकेट असलेल्या मशीनमध्ये बायोसची साथ असेल तर एक चिप काढून दुसरी बसवली की यंत्र एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जायचं. पुढं हीच यंत्रं टिकली की नाही यात या फरकाचा मोठा वाटा होता, कारण बरीच सॉफ्टवेअरं नंतर ३२ बिटला सोडून गेली.

पण मे २००७ मध्ये सॉकेट पी आलं. पिना तितक्याच, ४७८; मांडणी मात्र बदललेली. सॉकेट एमची चिप त्यात बसत नाही. म्हणजे दार उघडं होतं, पण कुलूप दर दोन-तीन वर्षांनी बदलत होतं.

तिसरा टप्पा २०१० ते २०१३. त्याच्या तोंडावर, सप्टेंबर २००९ मध्ये, ९८८ पिनांचं सॉकेट आलं, २०११ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती, आणि जून २०१३ मध्ये हॅसवेल पिढीसाठी आणखी वेगळं. एएमडीकडेही या काळात लॅपटॉपसाठी स्वतःची सॉकेट होती : २००६ पासून एस१ आणि २०११ पासून एफएस१. आज सेकंडहँड बाजारात दिसणारे, बदल करता येण्याजोगे लॅपटॉप बहुतेक याच टप्प्यातले.

चौथा टप्पा २०१४-१५ पासून पुढं. हॅसवेलनंतरच्या ब्रॉडवेल पिढीत इंटेलचा लॅपटॉप प्रोसेसर फक्त सोल्डरच्या रूपात आला. काही मोजके जाडजूड लॅपटॉप डेस्कटॉपचा प्रोसेसर घालून विकले गेले, ते सोडा. सर्वसाधारण ग्राहकासाठी दार बंद झालं.

दोन पुणेरी धागे

"हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याकडे याचा इतिहास कुठं?" असं कोणी म्हणेल. दोन धागे देतो.

विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. इंटेलमध्ये पेंटियमच्या कामाचं नेतृत्व केल्यामुळं ते "पेंटियमचे जनक" म्हणून ओळखले जातात. १९९५ मध्ये त्यांनी इंटेल सोडली आणि नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीनं विकत घेतली आणि तिच्या डिझाइनमधून १९९७ मध्ये के६ हा प्रोसेसर आला. के६ बसायचा कुठं? सॉकेट ७ मध्ये, म्हणजे इंटेलच्या पेंटियमसाठी असलेल्या त्याच सॉकेटमध्ये. ग्राहकाचा बोर्ड तोच, प्रोसेसर मात्र दुसऱ्या कंपनीचा. त्याच वर्षी इंटेलनं पेंटियम २ आणला, तो स्लॉट १ या वेगळ्याच जोडणीत, आणि तिथं प्रतिस्पर्ध्याची चिप बसत नव्हती. ही डेस्कटॉपची गोष्ट असली तरी धडा आपल्या कामाचा आहे : सॉकेट म्हणजे नुसती भोकं नव्हेत, तो बाजारातला करार असतो. कोणाची चिप बसेल आणि कोणाची नाही, हे तिथं ठरतं.

दुसरा धागा सी-डॅकचा. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या पुण्याच्या संस्थेनं विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. तो इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपांवर चालायचा. पुढची पायरी परम ८६००. त्यात सगळं नव्यानं न मांडता आधीच्या रचनेला इंटेलच्या आय८६० प्रोसेसरची जोड दिली, म्हणजे जड गणित त्याच्याकडे गेलं. रचना टिकवायची, ताकद वाढवायची. गरजेतून आलेली ही पद्धत उद्यमनगरच्या लायनर-पिस्टनपेक्षा फार वेगळी नाही. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोध आणि दुरुस्ती ही दोन वेगळी दालनं मानू नका. डेव्हिड एजर्टन यांचं "द शॉक ऑफ द ओल्ड" (२००६) हे पुस्तक नेमकं यावरच आहे. नव्या शोधाच्या तारखांपेक्षा वापरात असलेल्या, टिकवलेल्या, दुरुस्त केलेल्या वस्तूंचा इतिहास लिहा, असा त्यांचा आग्रह आहे. वाचाच.

दार का बंद झालं? तीन उत्तरं तपासू

आता खरं काम. सिनॉप्सिसमध्ये ज्याला आपण गृहीतक म्हणतो, ते इथं तयार होतं.

पहिलं उत्तर तंत्राचं : लॅपटॉप पातळ झाले, सॉकेटला जागा उरली नाही. यात तथ्य आहे. २०११ मध्ये इंटेलनं अल्ट्राबुकची कल्पना मांडली आणि त्यात कमी विजेच्या, सोल्डर केलेल्या चिपच होत्या. सॉकेटची उंची जाते तिथं काही मिलिमीटर वाचतात. पुढं प्रोसेसर आणि चिपसेट एकाच पॅकेजवर आले, तेव्हा सॉकेटची रचना आणखी अडचणीची झाली.

पण हे उत्तर पुरेसं आहे का? पुरावा बघा. २०१२ चा कोअर आय५-३३२०एम हा प्रोसेसर इंटेलच्या स्वतःच्या तपशिलात दोन्ही रूपांत दिसतो, पिनांचाही आणि गोळ्यांचाही. चिपची ताकद तीच, ३५ वॅटची मर्यादा तीच. लेनोवोच्या त्याच वर्षीच्या थिंकपॅड टी४३० मध्ये तो सॉकेटमध्ये आहे, लहान आकाराच्या एक्स२३० मध्ये सोल्डर केलेला आहे. एकच कंपनी, एकच साल, एकच चिप. म्हणजे चिपच्या तंत्रानं काही सक्ती केलेली नव्हती. निवड केली गेली होती.

दुसरं उत्तर बाजाराचं : लोकांनी नवीन मशीन घ्यावं म्हणून कंपन्यांनी मुद्दाम दार बंद केलं. याच्या बाजूनं एक बोलका पुरावा आहे. २०१० मध्ये इंटेलनं एक योजना काढली. पेंटियम जी६९५१ हा डेस्कटॉप प्रोसेसर विकत घ्यायचा, मग ५० डॉलरचं कार्ड घेऊन कोड टाकायचा, की चिपमध्ये आधीपासून असलेली पण बंद ठेवलेली क्षमता सुरू व्हायची. २०११ मध्ये ही योजना लॅपटॉपच्या आय३-२३१२एम या चिपपर्यंत आली. टीका भरपूर झाली आणि त्याच वर्षी ती गुंडाळली गेली. स्क्रूड्रायव्हर न लावता प्रोसेसर "अपग्रेड" होत होता, फक्त किल्ली कंपनीच्या हातात होती.

तरी इथं थांबा. एका योजनेवरून अख्खा कट सिद्ध होत नाही. लँग्डन विनर यांचा १९८० चा प्रसिद्ध निबंध वस्तूंमध्येही राजकारण असतं असं सांगतो, आणि त्यातलं न्यूयॉर्कच्या कमी उंचीच्या पुलांचं उदाहरण सगळे देतात. पण त्याच उदाहरणावर नंतर बेर्नवार्ड योर्गेस यांनी गंभीर आक्षेप घेतले. वस्तूचा परिणाम एक असतो आणि बनवणाऱ्याचा हेतू दुसरा असू शकतो. परिणामावरून हेतू काढायचा मोह टाळा. व्हायवाला हाच प्रश्न येतो.

तिसरं उत्तर मला जास्त पटतं, आणि ते उलट्या बाजूनं येतं. प्रश्न "दार का बंद झालं" असा न विचारता "मुळात उघडं का होतं" असा विचारून बघा. कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये एकाच बोर्डपुढं पाच-सहा प्रोसेसरांची यादी सापडते. एकाच बोर्डवर स्वस्त चिप घातली की स्वस्त मॉडेल, महाग घातली की महाग मॉडेल. ऑर्डर येईल तशी चिप शेवटी बसवायची. बिघडली तर सर्व्हिस सेंटरला तेवढीच बदलायची. म्हणजे सॉकेट मुख्यतः उत्पादकाच्या सोयीसाठी होतं. ग्राहकाला मिळालेली अपग्रेडची संधी ही त्या सोयीची सावली होती. उत्पादकाची गरज बदलली, पातळपणा विकला जाऊ लागला, तशी सोय गेली आणि सावलीही गेली.

याविरुद्धचा पुरावाही लपवू नका : इंटेल काही लॅपटॉप प्रोसेसर बॉक्स पॅकमध्ये किरकोळीनंही विकत असे. म्हणजे ग्राहक अगदीच हिशेबाबाहेर नव्हता. म्हणून मी "मुख्यतः" म्हणालो, "केवळ" म्हणालो नाही. प्रबंधात या दोन शब्दांतल्या फरकाला किंमत असते.

वस्तू हेच साधन

आपण साधनं म्हटली की कागद समजतो. इथं चिप स्वतःच दस्तऐवज आहे. प्रोसेसरच्या पाठीवर एक छोटा कोड छापलेला असतो, इंटेलच्या या पिढ्यांत बहुधा "एसएल" किंवा "एसआर" नं सुरू होणारा. त्यावरून नेमकी चिप, सॉकेट आणि वॅट कळतात. मागच्या झाकणावरचं मॉडेल आणि आतल्या चिपचा कोड जुळत नसेल, तर मधल्या काळात कोणीतरी हे मशीन उघडलं आहे. मोडी कागदावर दुसऱ्या हाताचं अक्षर दिसावं, तसंच हे.

वस्तू वाचायची तर ती कशी चालते ते थोडं माहीत हवं. प्रोसेसर बदलायचा झाला तर चार गोष्टी जुळाव्या लागतात :

- सॉकेट : पिनांची संख्या जुळून भागत नाही, मांडणीही तीच हवी.
- चिपसेट : सॉकेट पी दोन्हीकडे असलं तरी १०६६ मेगाहर्ट्झ बसची चिप जुन्या ८०० वाल्या बोर्डवर चालत नाही.
- बायोस : नव्या चिपची ओळख बायोसमध्ये नसेल तर मशीन सुरूच होत नाही. २०११ च्या बऱ्याच बोर्डांवर २०१२ ची चिप याच कारणानं अडते, भोकात बसूनसुद्धा.
- उष्णता : ३५ वॅटसाठी बनवलेल्या पंख्यावर ४५ वॅटची चिप टाकली की ती तापून स्वतःच वेग कमी करते. टी४३० मध्ये दोन कोअरच्या आय५ जागी चार कोअरचा आय७-३६३२क्यूएम लोकप्रिय झाला तो म्हणूनच. त्याची मर्यादाही ३५ वॅटच.

यादीतली तिसरी ओळ परत वाचा. सॉकेट उघडं असूनही परवानगी सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणजे "बदलता येणं" हे २०१५ मध्ये अचानक संपलं नाही, ते आधीपासूनच आक्रसत होतं. चौथ्या टप्प्याची मुळं तिसऱ्या टप्प्यात आहेत, असं मांडता येईल.

आणि एक व्यावहारिक गोष्ट, कारण कोणीतरी विचारणारच. प्रबंधाच्या कामासाठी जुन्या लॅपटॉपला आधी एसएसडी टाका, मग रॅम वाढवा. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर गेल्यावर जो फरक पडतो, तो वाचन-लेखनाच्या कामात प्रोसेसर बदलून सहसा पडत नाही. प्रोसेसरचा नंबर तिसरा. उघडाच कधी तर बॅटरी काढून, हीट सिंकचे स्क्रू तिरपे-तिरपे सैल करून, चिपवरचा त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवून आणि नवी थर्मल पेस्ट लावून. चिप आपल्या वजनानं आत बसली पाहिजे. दाबावी लागली तर काहीतरी चुकतंय.

तुम्ही यातून काय उचलाल?

मोठ्या इतिहासात एक भोक अजून तसंच आहे, आणि ते आपल्याला भरता येण्यासारखं आहे. चिपांचे तपशील, घोषणा, मॅन्युअलं कंपन्यांकडे आहेत. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कोल्हापूरच्या दुरुस्तीच्या दुकानात २००८ ते २०१५ मध्ये नक्की काय बदललं जात होतं, जुन्या चिपा कुठून येत होत्या, गिऱ्हाईक कोण होतं, हे कारागिरांच्या आठवणीत आणि त्यांच्या बिलबुकात आहे. बिलबुकं रद्दीत जातात. आठवणी माणसाबरोबर जातात. मौखिक इतिहासाची पद्धत शिकला असाल तर हा विषय एम.फिल.च्या काळातल्या प्रबंधिकेएवढा नक्की आहे, आणि नीट बांधला तर पीएच.डी.चं एक प्रकरण होईल.

वेळही योग्य आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केलं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. या चर्चेत "दुरुस्ती" हा शब्द येतो, पण दुरुस्ती म्हणजे होतं तसं करणं, आणि सुधारणा म्हणजे होतं त्यापेक्षा चांगलं करणं. प्रोसेसर बदलण्याचा हक्क दुसऱ्या प्रकारातला आहे आणि त्याबद्दल धोरणात फार कमी बोललं जातं. इतिहासाचा विद्यार्थी इथं उपयोगी पडू शकतो, कारण "हे कधी शक्य होतं आणि कोणाच्या सोयीनं शक्य होतं" याचं उत्तर त्याच्याकडे असतं.

सुरुवात छोटी करा. या आठवड्यात हाताशी असलेल्या तीन जुन्या लॅपटॉपांची मॉडेल नंबरं, सालं आणि प्रोसेसरचे कोड वहीत टिपा. शेजारी लिहा : सॉकेट की सोल्डर. पाचव्या रकान्यात, हे मशीन आधी कोणाकडे होतं आणि तुमच्यापर्यंत कसं आलं. पाचवा रकाना भरताना माणसांना प्रश्न विचारावे लागतील. तो भरायला लागलात की समजा, सिनॉप्सिसचं पहिलं पान सुरू झालं.